जमिनीखालचे धरण आणि १८८२चा कायदा

गंगेच्या खोऱ्यातील बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून जातो. नद्या पात्र सोडून गावांत शिरतात आणि मे महिन्यात त्याच गावांतील शेतकरी कूपनलिका आणखी खोल नेत असतो. या विसंगतीवर रॉजर रेव्हेल आणि व्ही. लक्ष्मीनारायण यांनी १९७५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक धाडसी उपाय सुचवला होता. पावसाळ्यापूर्वी नदीकाठचे भूजल भरपूर उपसावे, म्हणजे खाली जागा रिकामी होईल आणि पुराचे पाणी तेथे मुरेल. अशा साठ्यासाठी गावे उठवावी लागत नाहीत आणि उन्हाने पाणी उडूनही जात नाही.

उत्तर प्रदेशातील रामपूर जिल्ह्यात, जिवाई जदीद या गावी, २०१५ मध्ये याच जातीचा एक लहान प्रयोग उभा राहिला. गावतळ्यात दहा पुनर्भरण विहिरी खोदल्या गेल्या. पावसाळ्यातील जादा पाणी कालव्यातून तळ्यात येते, गाळ तळाशी बसतो आणि खडीच्या थरातून गाळलेले पाणी खालच्या वाळूत उतरते. येथे खरा शत्रू गाळ. तो वेळोवेळी काढला नाही, तर विहिरी बुजतात. उद्घाटनासाठी निधी मिळतो. गाळ काढण्यासाठी मिळवताना मात्र फाइल टेबलाटेबलांवर फिरते, हे सरकारी सेवेत आयुष्य घालवलेल्यांना सांगायला नको.

परंतु त्याहून अवघड प्रश्न मालकीचा आहे. ब्रिटिश अमदानीतील १८८२च्या ‘इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्ट’ने आपल्या जमिनीखालील पाणी काढून घेण्याचा हक्क जमीनमालकाला दिला. तेव्हा मोट होती. बैलांच्या दमानेच उपशाला मर्यादा पडे. आज त्याच हक्काच्या हाती विजेचा पंप आहे आणि काही राज्यांत शेतीची वीज फुकट आहे. सार्वजनिक पैशाने मुरवलेले पाणी मग ज्याचा पंप खोल, त्याचे होते. भूमिहीनाच्या वाट्याला हातपंपाची कोरडी खडखड येते.

पाणी हा राज्यसूचीतील विषय. केंद्राने १९७० पासून नमुना विधेयके राज्यांकडे पाठवली. अनेक राज्यांनी कायदेही केले, मात्र त्यांचा भर मुख्यतः नोंदणी आणि परवान्यांवर राहिला. मालकीचा निकाल लागेल तेव्हा लागो. तोवर प्रत्येक पुनर्भरण योजनेच्या मंजुरीपत्रात दोन गोष्टी खोदकामाआधीच लिहून घेता येतील: गाळ कोणाच्या खर्चाने निघणार, आणि उन्हाळ्यात कोणी किती उपसायचे हे ग्रामसभा कसे ठरवणार.