दोन सूर्यांचा ग्रह आणि खोडदची दुर्बीण

नारायणगावानजीक खोडदच्या शिवारात आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रचंड तबकड्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिल्या असतीलच. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत पसरल्या असून त्या सर्व मिळून एकच दुर्बीण होते. डॉ. गोविंद स्वरूप ह्यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती उभारिली. ही दुर्बीण प्रकाश पाहत नाही. आकाशातून येणाऱ्या रेडिओ-लहरी टिपते. हिच्याच साहाय्याने शास्त्रज्ञांनी एकदा अशा ग्रहाचा कानोसा घेतला, की ज्याच्या आकाशात दोन सूर्य आहेत.

आपला सूर्य एकटा आहे; परंतु पुष्कळ तारे जोडीने राहतात व एकमेकांभोवती फिरतात. मग दोन सूर्यांच्या ओढाताणीत ग्रह टिकतो कसा? त्यास दोनच मार्ग मोकळे असतात. एक, दोहोंपैकी एका ताऱ्यास अगदी बिलगून फिरणे. दुसरा, दोघांनाही पोटात घेऊन दूरवरून प्रदक्षिणा घालणे. मधल्या जागी जो सापडेल, तो कालांतराने बाहेर फेकला जाईल अथवा ताऱ्यावर आदळेल. २०११ साली सापडलेला केप्लर-१६ बी हा दुसऱ्या प्रकारचा होय. त्याचे दोन सूर्य ४१ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात व तो त्या दोघांभोवती २२९ दिवसांत फिरतो.

खोडदहून ज्याचा वेध घेतला, तो पहिल्या प्रकारचा. भूतप तारकासमूहातील टाऊ नावाच्या ताऱ्याभोवती तो अवघ्या ३.३ दिवसांत फेरी पुरी करितो. त्या ताऱ्याचा मंद तांबडा जोडीदार ग्रहाच्या कक्षेच्या मानाने शेकडो पट दूर असल्यामुळे ग्रहास धक्का लागत नाही.

आमचा गुरू आपल्या चुंबकशक्तीमुळे रेडिओ-लहरी सोडतो; त्या लहरी १९५५ साली आढळल्या. हा ग्रहही तसे करीत असेल, तर त्याच्या चुंबकशक्तीचे माप मिळेल, अशी आशा होती. ताऱ्यापासून वाहणाऱ्या विद्युत्कणांस ग्रहाची चुंबकशक्ती दूर सारिते. म्हणून ह्या मापास मोठे मोल आहे. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात काहीच ऐकू आले नाही. कदाचित त्या लहरींचा झोत आपल्याकडे वळलेला नसेल. कदाचित त्या ग्रहाची चुंबकशक्ती अपेक्षेहून कमी असेल.

हा प्रयत्न वाया गेला असे विद्यार्थ्यांनी समजू नये. काळजीपूर्वक ऐकून 'काही ऐकू आले नाही' असे प्रामाणिकपणे सांगणे, हेही ज्ञानच होय. पुढच्या शोधकास त्यामुळे कोणती वाट सोडावी ते कळते. असे ऐकण्यास शांतताही हवी. डोंगरांच्या आडोशामुळे शहरी लहरींचा गलका येथे कमी, हे ही जागा निवडण्याचे एक कारण होते. ती शांतता राखणे आपणां शेजाऱ्यांच्या हाती आहे.

वैशाखातील चांदणे नसलेल्या रात्री डोक्यावर तेजस्वी स्वाती दिसली, म्हणजे तिच्या किंचित पश्चिमेस पाहावे. तेथील एका फिकट ठिपक्याजवळ दोन सूर्यांचा तो ग्रह फिरत आहे.