लहरी वाढल्या, गावाचा आवाज घटला

वाराणसीचे खासदार पंतप्रधान झाले आणि ३ ऑक्टोबर २०१४ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, देशाशी संवाद साधण्यासाठी त्यांनी आकाशवाणीचे माध्यम निवडले. वाहिन्यांच्या गदारोळात अडगळीत पडलेल्या रेडिओला ‘मन की बात’ने पुन्हा राजकीय प्रतिष्ठा मिळवून दिली, हे विरोधकांनाही मान्य करावे लागेल. तथापि, याच काळात एक विसंगती ठळक होत गेली. दिल्लीचा आवाज गावापर्यंत नेणारी यंत्रणा बळकट होत असताना, गावाचा आवाज गावालाच ऐकवणारी यंत्रणा मात्र क्षीण होत चालली आहे.

काशी, रेडिओ आणि मराठी माणूस यांचे नाते जुने आहे. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खाते सांभाळणारे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर पुण्याचे. पण त्यांचे शिक्षण झाले काशी विद्यापीठात, म्हणजे आजच्या महात्मा गांधी काशी विद्यापीठात. अभिजात संगीताला राजाश्रय गेल्यावर आकाशवाणीने आश्रय द्यावा, ही त्यांची भूमिका होती. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रेडिओ संगीत संमेलन या त्यांच्याच कारकिर्दीतील देणग्या. बनारस घराण्याच्या गिरिजादेवींना पहिल्या रेडिओ गायनासाठी १९४९ मध्ये अलाहाबाद केंद्र गाठावे लागले होते. पुढे वाराणसीला स्वतःचे केंद्र मिळाले आणि तिथल्या कलावंतांना, भोजपुरी बोलीला आणि शेतकऱ्यांना जवळचा ध्वनिक्षेपक लाभला.

केसकरांच्या धोरणाची दुसरी बाजूही लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांनी चित्रपटगीतांना आवर घातला आणि श्रोत्यांनी रेडिओचा काटा सरळ सिलोनकडे वळवला. अखेर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करणे सरकारला भाग पडले. श्रोत्यांनी काय ऐकावे हे दिल्लीने ठरवले, तर श्रोता निघून जातो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

तो काही अंशी गिरवलाही गेला. १९८४ मध्ये तमिळनाडूतील नागरकोईल येथे पहिले स्थानिक केंद्र सुरू झाले. पुढे महाराष्ट्रातही बीड, धुळे, सातारा, चंद्रपूर अशा जिल्ह्यांच्या ठिकाणी केंद्रे उभी राहिली. बाजारभाव, पीकसल्ला, लोकगीते आणि जिल्ह्याच्या बोलीतील संवाद हे त्यांचे बळ. मुंबई वा दिल्ली केंद्राला हे काम कितीही साधनसामग्री असली तरी जमणारे नव्हते.

सहक्षेपणाचे राजकारण

या केंद्रांना ग्रहण लागले ते श्रोत्यांच्या उदासीनतेपेक्षा धोरणामुळे. १९९०च्या प्रसारभारती कायद्यात तरतूद असलेले भरती मंडळ प्रत्यक्षात यायला २०२० साल उजाडावे लागले. मधल्या काळात निवृत्तांच्या जागा रिक्त राहिल्या आणि अनेक केंद्रांचा गाडा नैमित्तिक उद्घोषकांवर चालू लागला. डिसेंबर २०१८ मध्ये खर्चकपातीच्या नावाखाली राष्ट्रीय वाहिनी बंद करण्याचा निर्णय झाला. १९८८ पासून नागपूरच्या शक्तिशाली प्रक्षेपकावरून ती देशभर ऐकू येत होती. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग छत्रपती संभाजीनगरला जोडण्याचा घाट घातला गेला. पुण्यातून विरोध झाल्यावर मंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. पुण्याला दिल्लीत आवाज उठवणारे नेते आहेत. छोट्या जिल्ह्याच्या केंद्रासाठी तो कोण उठवणार?

पैसा नाही, अशीही स्थिती नाही. जानेवारी २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठी २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्याच वर्षी २८ एप्रिलला पंतप्रधानांनी १८ राज्ये आणि दोन केंद्रशासित प्रदेशांतील ८४ जिल्ह्यांत १०० वॉट क्षमतेच्या ९१ एफएम प्रक्षेपकांचे उद्घाटन केले. पोहोच वाढली, हे स्वागतार्हच. परंतु हे प्रक्षेपक मुख्यतः इतरत्र तयार झालेल्या कार्यक्रमांचे सहक्षेपण करतात. नव्या जिल्ह्यात यंत्र पोहोचले, त्याच्या मागे स्टुडिओ मात्र उभा राहिला नाही.

वृत्ताची बंदी

खासगी एफएमने ही पोकळी भरून काढावी, तर तिथे कायदा आडवा येतो. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले. तरीही खासगी रेडिओला स्वतःची बातमी देता येत नाही. २०११च्या धोरणाने मुभा दिली ती आकाशवाणीची वार्तापत्रे जशीच्या तशी ऐकवण्याची. हवामान, वाहतूक, वीज-पाणी यांची माहिती चालते. म्हणजे उद्या नळाला पाणी येणार नाही एवढे निवेदकाने सांगावे. ते का येणार नाही, हे महापालिकेला विचारू नये! वाराणसीतच जन्मलेल्या बाबूराव विष्णु पराडकरांनी संपादक म्हणून ‘आज’ या दैनिकातून परकीय सत्तेला जाब विचारला. त्याच शहरातील रेडिओला स्वकीय महापालिकेलाही जाब विचारण्याची सोय नाही.

सामुदायिक रेडिओची दारे २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी खुली झाली. म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग वाहिनी’सारख्या केंद्रांनी आपली उपयुक्तता दाखवून दिली, पण वृत्तबंदी त्यांनाही आहेच. वाराणसीसारख्या शहरात ही उणीव जिव्हाळ्याची ठरते. राजघाटला गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. पाणी त्या दिशेने चढू लागले की घाटावरच्या नावाड्याला आणि वरुणाकाठच्या वस्तीला राष्ट्रीय बातमीपत्राचा उपयोग नसतो. कोणत्या गल्लीत पाणी शिरले, मदतछावणी कुठे आहे आणि तिथे काय मिळत नाही, हे त्यांना हवे असते. समाजमाध्यमांवर ते क्षणात मिळते. मात्र त्यात अफवा किती, याची जबाबदारी कोणीच घेत नाही.

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. बीबीसीने हिंदी रेडिओसेवा ३१ जानेवारी २०२० रोजी बंद केली. इंग्लंडमधील आपल्या ३९ स्थानिक केंद्रांनाही तिने दुपारनंतर सामायिक कार्यक्रम वाटून घ्यायला लावले. फरक एवढाच की, तिथे त्यावर संसदेत चर्चा झाली. इथे बहुतेक निर्णय परिपत्रकाने होतात.

उपाय अज्ञात नाहीत. खासगी एफएमला दर तासाला दहा मिनिटे वृत्तप्रसारणाची मुभा द्यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये केली आहे. तीच सवलत सामुदायिक केंद्रांना देता येईल. प्रसारभारतीच्या प्रत्येक केंद्रासाठी स्थानिक निर्मितीचे किमान तास ठरवून त्यांना भरती व निधीची जोड देणे, हे तर पूर्णतः प्रशासकीय काम आहे. त्याची सुरुवात पंतप्रधानांच्याच मतदारसंघातून झाली, तर अन्य जिल्ह्यांना नकार देणे मंत्रालयाला कठीण जाईल.

केसकरांच्या काळात सिलोनकडे गेलेल्या श्रोत्याला परत आणण्यासाठी ‘विविध भारती’ होती आणि ती चालवणारी माणसेही होती. आज मोबाइलकडे गेलेला काशीचा वा बीडचा श्रोता उद्या परतला, तर त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलायला केंद्रात कुणी असेल का, याचा निर्णय दिल्लीलाच घ्यायचा आहे.