रास्ताफारी : स्वाभिमानातून जन्मलेला धर्म

२१ एप्रिल १९६६. जमैकाची राजधानी किंगस्टन. विमानतळावर लाखभर लोक जमलेले, ढोल घुमताहेत, धावपट्टीवर पाय ठेवायला जागा नाही. इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी विमानाच्या दारात आले आणि ती गर्दी पाहून पुन्हा आत गेले. अखेर मॉर्टिमो प्लॅनो या रास्ताफारी ज्येष्ठाने शिडी चढून जमावाला वाट करायला सांगितलं, तेव्हा सम्राट उतरले. ज्या रास्तांना जमैकाचं सरकार गुंड समजत होतं, त्यांच्यातल्याच एकाने त्या दिवशी सरकारची लाज राखली. रास्ताफारी आजही हा दिवस सणासारखा पाळतात.

आफ्रिकेतला राजा कॅरिबियन बेटावर देव कसा झाला? जमैकातली गुलामगिरी १८३८मध्ये संपली, पण शंभर वर्षांनीही जमीन आणि सत्ता मूठभरांकडेच होती. चर्चमधल्या चित्रातला देवही गोराच होता. आफ्रिका हीच आपली मायभूमी, हे जमैकन नेते मार्कस गार्वी यांनी कृष्णवर्णीयांच्या मनावर बिंबवलं. नोव्हेंबर १९३०मध्ये इथिओपियात रास तफारी, म्हणजेच हैले सेलासी, यांचा राज्याभिषेक झाला. ‘राजाधिराज’, ‘यहुदाचा सिंह’ ही त्यांची बिरुदं बायबल तोंडपाठ असलेल्या गरिबांना ओळखीची होती. भाकितातला तारणहार हाच, अशी त्यांची खात्री पटली.

‘आपला राजा इंग्लंडचा नव्हे, इथिओपियाचा,’ असं लिओनार्ड हॉवेल हा धर्मप्रचारक जमैकात गावोगाव सांगू लागला. १९३४मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्याला तुरुंगात टाकलं गेलं. सुटल्यावर त्याने १९४०मध्ये पिनॅकल नावाची वसाहत उभी केली. हॉवेलवर भारतीय गिरमिटियांचाही, म्हणजे करारबद्ध मजुरांचाही, प्रभाव होता. १८४५पासून ते जमैकाच्या मळ्यांवर येत होते. गांजा हा शब्द तिथे त्यांच्यामुळेच रुळला.

या धर्माला ना पोप, ना एक मठ. न्याबिंगी, बोबो आशांती, ट्वेल्व्ह ट्राइब्स अशा शाखा आपापल्या रीतीने चालतात. देवाला ते ‘जाह’ म्हणतात. तो प्रत्येकात वसतो, म्हणून ‘तू आणि मी’ऐवजी ते ‘मी आणि मी’ म्हणतात. पिळवणूक करणारी व्यवस्था म्हणजे बॅबिलॉन, तर आफ्रिका म्हणजे झायन. डोक्याला वस्तरा लावायचा नाही, हा बायबलमधल्या व्रताचा नेम, त्यातूनच जटा वाढतात. जेवण ‘आयटल’, म्हणजे निसर्गाने दिलेलं तसं : डुकराचं मांस वर्ज्य, बरेच जण मांस खातच नाहीत. नारळाच्या दुधात शिजवलेल्या शेंगा-भाज्या, त्याही अनेक घरांत मिठाशिवाय. गांजा प्रार्थना करून ओढायचा आणि मग गोलात बसून धर्मचर्चा करायची.

या श्रद्धेची किंमत त्यांनी मोजली. १९६३मध्ये जमैकातल्या कोरल गार्डन्स इथे झालेल्या हिंसक घटनेनंतर पोलिसांनी रास्तांची धरपकड केली, मारहाण केली, जटा कापल्या. सरकारची माफी आली ती २०१७मध्ये.

हैले सेलासी स्वतः ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. १९७४मध्ये ते पदच्युत झाले, पुढच्याच वर्षी त्यांचं निधन झालं. तरी श्रद्धा टिकली, कारण तिचा आधार एका राजाच्या सिंहासनापेक्षा खोल होता. ज्या रंगाची, केसांची, बोलीची लाज बाळगायला शिकवलं गेलं, त्याच गोष्टी रास्तांनी पवित्र मानल्या. बॉब मार्लीच्या गाण्यांनी हा विचार जगभर नेला, पण तो घडवला जमैकाच्या गोरगरीब वस्त्यांनी. ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं.