परसातले सालीट आणि उसाचा पंप



वेरूळ-अजिंठा पाहायला आलेल्या पाहुण्यांना छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या हॉटेलांत एक हिरवे, झालरीचे पान वाढतात. आपली माणसे ते शोभेचे समजून बाजूला सारतात. ते लेट्यूस, म्हणजे सालीट. युनानी औषधवाल्याकडे 'काहू' म्हणून मागितले तर याचेच बी मिळते; झोपेसाठी हकीम मंडळी ते देत आली आहेत.

हे साहेबी खाणे, आपल्याला काय करायचे, असे कुणी म्हणेल. पण भाकरीबरोबर कोवळी मेथी, कांद्याची पात, रानातली पाथरी आपण कच्चीच खातो की! पाथरी मोडली की पांढरा चीक येतो, सालीटही तसेच. दोन्ही एकाच कुळातली, आपली करडईसुद्धा त्यातलीच.

बी टाकायचे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात. माती तिशीच्या वर तापली की हे बी झोपी जाते, उगवत नाही. त्याला उजेडही लागतो, म्हणून खोल पुरू नये, वरून चिमूटभर माती भुरभुरावी. महिनाभराने रोपे वीत-सव्वा वीत अंतराने लावावीत. आपली काळी जमीन पाणी धरून चिबडते, तेव्हा गादीवाफा करावा. कारखान्याची मळी घालायची तर पुरती कुजलेलीच. ताजी मळी तापते नि मुळ्या जाळते. वर पाचटाचे आच्छादन घातले की पाणी निम्म्यावर येते. गड्डा न धरणारी जात घ्यावी. दीड महिन्यात बाहेरची पाने खुडता येतात, आतली वाढत राहतात.

आता मुद्द्याचे. उसात तणासाठी टू-फोर-डी मारलेला पंप नुसता विसळून परसात आणतात, हे आम्ही वस्त्यावस्त्यांवर पाहतो. ते औषध रुंद पानाच्या तणासाठीच केलेले आहे, नि सालीट, मेथी, टोमॅटो सगळी रुंद पानाचीच! तळाशी राहिलेल्या थेंबांनीही पाने पिळवटतात. झाड मेले तर एक वेळ बरे; पण कीटकनाशकाचा पंप असला तर पान टवटवीत दिसते नि पोरगं ते कच्चंच खातं. परसाला पंप वेगळा ठेवा. मावा आलाच तर पाच टक्के निंबोळी अर्क पुरे.

पाण्याचेही तसेच. नळाला आठवड्यातून एखादेच पाणी, असे दिवस शहराने पाहिलेत, म्हणून लोक मोरीचे पाणी झाडांना घालतात. पपईला, केळीला चालेल. कच्च्या खायच्या पानाला डाळ-तांदूळ धुतलेले पाणी द्यावे, गटाराचे मुळीच नको. त्यातून टायफॉइड, आमांश येतो. पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन झटके येतात. मिठाच्या पाण्यात बुडवले की सगळे मरते ही समजूत खोटी. एकेक पान वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे.

खायचे कसे? हाताने तोडून, वर शेंगदाण्याचे कूट, लिंबू, मीठ. सुरी कशाला हवी!

फेब्रुवारी सरता ऊन वाढले की दांडा निघतो नि पान कडू होते. मग ती जागा माठाला द्यावी. एक-दोन झाडे मात्र उपटू नयेत. पिवळी फुले येतात, मग पांढरा पिसारा धरतो. तेव्हा बी झाडून कोरड्या डब्यात, गार जागी, पुढल्या ऑक्टोबरसाठी ठेवावे.