जुन्या बीटलचे इंजिन : लेखांक ६
प्लगच्या वायरी निवडताना

फोक्सवॅगन बीटलच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पाच जाड वायरी असतात. एक कॉइलपासून डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपपर्यंत जाते आणि बाकीच्या चार कॅपपासून चार प्लगांकडे. दर ठिणगीच्या वेळी या वायरींना दहा हजार व्होल्टच्या आसपासचा किंवा त्याहूनही जास्त दाब सोसावा लागतो. इंजिनाची उष्णता आणि तेलाचा ओशटपणा यांनी त्यांचे आवरण वर्षानुवर्षे कडक होत जाते आणि शेवटी त्याला भेगा पडतात. मग दमट हवेत करंट प्लगपर्यंत न पोहोचता भेगेतून जवळच्या पत्र्याकडे पळतो आणि इंजिन मिसिंग करू लागते. अंधारात इंजिन चालू ठेवून पाहिले की वायरींभोवती निळसर ठिणग्या दिसतात. असे झाले की नवा संच घ्यायचा, एवढे सगळ्यांना कळते. कोणता घ्यायचा, हा खरा प्रश्न.

दुकानात पहिली नजर रंगावर आणि जाडीवर जाते. निर्णय मात्र आतल्या गाभ्यावर घ्यायला हवा. मूळ जर्मन पद्धतीच्या वायरीत, म्हणजे बॉश किंवा बेरूच्या वायरीत, तांब्याच्या बारीक तारांचा पीळ असतो. त्याचा विरोध जवळजवळ शून्य असतो. रेडिओतील खरखर थोपवण्यासाठी लागणारा विरोध वायरीत नसून प्लगवर बसणाऱ्या टोकात असतो, साधारण १ किलोओहमचा. हे टोक आतल्या स्क्रूने तांब्याच्या पिळात घट्ट फिरवून बसवलेले असते. त्यामुळे वायर खराब झाली आणि टोक चांगले असले, तर तेवढी वायर कापून नवी लावता येते. दुरुस्त करून वापरता येणारी वस्तू म्हणून हा प्रकार आजही सर्वांत विश्वासाचा आहे.

दुसऱ्या प्रकारात गाभा कार्बन भिनवलेल्या धाग्यांचा असतो आणि विरोध लांबीभर पसरलेला असतो. नवी असताना ही वायर उत्तम चालते. पण ती धरून ओढली, वाकवली किंवा बरीच वर्षे तापली की धागा आतून तुटतो. बाहेरून काहीच दिसत नाही, आत मात्र ठिणगी त्या फटीवरून उडत राहते आणि फट जळून रुंद होत जाते. तिसऱ्या प्रकारात बारीक तार गाभ्याभोवती गुंडाळलेली असते. ती कार्बनपेक्षा टिकाऊ असते आणि रेडिओलहरीही चांगल्या अडवते.

आता मार्गातल्या विरोधांची बेरीज करायला हवी. डिस्ट्रिब्यूटरमधल्या बॉशच्या रोटरमध्ये बहुधा ५ किलोओहमचा विरोध असतो, टोकात १, आणि प्लगच्या नावात ‘आर’ अक्षर असेल तर प्लगमध्येही सुमारे ५. म्हणजे तांब्याची वायर असूनही मार्गात ११ किलोओहम झाले. ठिणगी उडण्याआधी मार्गातून फारसा करंट वाहत नसल्याने एवढ्या विरोधाने तिचा जन्म अडत नाही. पण यावर लांब कार्बन वायरींचा विरोध चढवण्यात काही अर्थ नाही. साधे पॉइंट असलेल्या गाडीला तांब्याची वायर, विरोधाची टोके आणि साधे प्लग पुरतात. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवले असेल, तर विरोध नसलेली निव्वळ तांब्याची वायर टाळावी, कारण तिच्यातून उठणारा विद्युत गोंगाट मॉड्यूलला बिघडवू शकतो. तिथे तार गुंडाळलेली वायर योग्य.

आवरण सिलिकोनचे असेल तर उष्णता चांगली सोसते, पण ते मऊ असते आणि धारदार पत्र्यावर घासून लवकर कापले जाते. ७ मिलिमीटरच्या वायरी मूळ पकडींत नीट बसतात. ८ मिलिमीटरच्या वायरींना तिथे जागा पुरत नाही, आणि निव्वळ जाडीमुळे ठिणगी जोरदार होत नाही.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे प्लगच्या टोकावरची रुंद रबरी चकती. पंखा हवा दाबून सिलिंडरांवर सोडतो आणि ती हवा पत्र्याच्या आवरणात कोंडलेली राहिली तरच सिलिंडरांवरच्या पंखांमधल्या फटींतून वाहते. प्लगसाठी पत्र्यात ठेवलेली चार भोके याच चकत्यांनी बंद होतात. चकती नसली किंवा सैल बसली की थंड हवा तिथून निसटते आणि सिलिंडर तापतो. १९७० पर्यंतच्या मॉडेलांत तेलाचा कूलर पंख्याच्या आवरणातच असल्याने ३ नंबरच्या सिलिंडरला आधीच हवा कमी मिळते, म्हणून तिथली चकती विशेष जपावी. स्वस्त संचात बाकी सगळे चांगले असूनही चकत्या पातळ किंवा चुकीच्या मापाच्या असतील, तर तो संच घेऊ नये. टाइप १, टाइप ३ आणि टाइप ४ या इंजिनांच्या वायरींची लांबी आणि चकत्या वेगवेगळ्या असतात, तेव्हा संच इंजिनाचा प्रकार सांगूनच मागावा.

बसवण्याआधी प्रत्येक वायर मल्टिमीटरने मोजावी. तांब्याच्या वायरीत टोकाचाच आकडा दिसायला हवा, आणि वायर हलवल्यावर तो नाचता कामा नये. नंतर एकेक जुनी वायर काढून तिच्या जागी नवी लावावी, म्हणजे क्रम चुकत नाही. काढताना वायर न ओढता टोक धरावे. सगळ्या एकदम काढल्याच असतील, तर डिस्ट्रिब्यूटरच्या कडेवरची खाच १ नंबरच्या सिलिंडरची असते. तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने १, ४, ३, २ असा क्रम लावायचा. ४ नंतर लगेच ३ पेटतो आणि २ नंतर १, आणि या दोन्ही जोड्या इंजिनाच्या एकेका बाजूच्या आहेत. म्हणून एकीच्या दाबाने दुसरीत अवेळी ठिणगी उठू नये यासाठी एका बाजूच्या दोन वायरी एकमेकींना चिकटून जाऊ देऊ नयेत. पकडींत त्यांना वेगळे ठेवावे.