आधी नळी, मग दुर्बीण

आमचे अण्णा ७८ वर्षांचे. मधुमेह जुना, हृदयात स्टेंट, त्यामुळे रक्त पातळ करायच्या गोळ्या रोजच्या. पित्ताशयात पू झाला, रक्तदाब घसरला, लघवी कमी झाली, तेव्हा माधवनगरहून त्यांना मिरजेला हलवलं. आम्हा भावंडांचा एकच धोशा : खडे आहेत ना, मग पित्ताशयच काढून टाका! सर्जन म्हणाले, "आज भूल दिली तर आजोबांना झेपेल याची खात्री नाही. आधी पू काढू."

पित्ताशयाच्या तोंडाशी खडा अडकला की पित्त तुंबतं, भिंत सुजते, जंतू माजतात. संसर्ग रक्तात भिनला की मूत्रपिंडंही थकतात. अण्णांची बरगडीजवळची जागा तेवढी बधिर करून, सोनोग्राफीत बघत, यकृतातून सुई पित्ताशयात नेली. वाट यकृतातून असली की पित्त पोटात झिरपायची भीती कमी. मग त्या वाटेनं बारीक नळी सरकवली. आत गेल्यावर तिचं टोक वेटोळं घालून बसतं. पिशवीत मातकट, दाट पू उतरला. ताप गेला, लघवी सुटली आणि अण्णांनी भडंग मागितलं. (मिळालं नाही.)

भारतात दुर्बिणीनं पित्ताशय काढण्याची सुरुवात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केली. आज बहुतेकांसाठी तेच ऑपरेशन, तेही लवकर, हाच चांगला मार्ग. नेदरलँड्समध्ये १४२ जोखमीच्या रुग्णांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठी गुंतागुंत ऑपरेशनवाल्यांत १२ टक्के, तर नळीवाल्यांत ६५ टक्के निघाली. अतिदक्षता विभागातले अत्यवस्थ रुग्ण मात्र त्यात नव्हते. म्हणून शेजारच्या धडधाकट काकूंसाठी कुणी नळीचा हट्ट धरू नये, नळी अण्णांसारख्यांसाठी.

घरी आल्यावर पिशवी लेंग्याच्या नाडीला अडकवलेली. रोज किती पित्त आलं ते वहीत लिहायचं, सलाइननं नळी धुवायची, झोपेत ओढली जाऊ नये म्हणून चिकटपट्टी तपासायची. पू जाऊन सोनेरी पित्त दिसू लागलं तशी पाहुण्यांनी सल्ल्यांची झड लावली : आता बरं आहे, कशाला कापाकापी? अहो, पण खडे आतच होते! नळी नुसती उसंत देते.

पुढे नळीतून औषध सोडून एक्स-रे काढला, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून गोळ्यांचा मेळ बसवला आणि दीडेक महिन्यानं दुर्बिणीनं ऑपरेशन झालं. आतली चरबी पित्ताशयाला घट्ट चिकटलेली, त्यामुळे वेळ लागला. जमलं नाही तर पोट उघडू, अशी सही आधीच घेतली होती. ती वेळ आली नाही.