गल्लीबाहेरचं रॅप

फेब्रुवारी 2019 मध्ये 'गली बॉय' आला आणि भारतातलं रॅप म्हणजे मुंबईची गल्ली आणि हिंदी हे समीकरण पक्कं झालं. कुर्ल्याच्या नेझीनं 2014 मध्ये आयपॅडवर 'आफत'चा व्हिडिओ केला, पुढच्या वर्षी डिव्हाइनबरोबर त्याचं 'मेरे गली में' आलं, हा इतिहास सिनेमामुळे घरोघरी पोचला. चांगलंच झालं. पण देशातलं सगळ्यात धारदार रॅप सध्या हिंदीबाहेर होतंय: घरच्या खोलीत रेकॉर्ड झालेलं, पाठीशी मोठी कंपनी नसलेलं. ते कानाआड करणं परवडणारं नाही.

सुरुवात मुंबईतच करा, पण 'स्वदेशी'पासून. या गटात एमसी मवाली मराठी-हिंदीत, तर एमसी तोडफोड गुजरातीत रॅप करायचा. 2019 मधलं त्यांचं 'द वारली रिव्होल्ट' नक्की ऐका. त्यात आरे जंगलातल्या पाड्यावर राहणारे वारली कलाकार आणि कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. बीटवर नुसती सजावट म्हणून लोकगीताचा तुकडा चिकटवण्याची फॅशन सध्या फार आहे. इथे तसं झालेलं नाही. ज्याचं जंगल जाणार आहे तोच माणूस गाण्याच्या मध्यभागी उभा आहे आणि रॅपर त्याच्या बाजूला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांवर झाडं पडली. ते लक्षात ठेवून आज हे गाणं ऐकताना अंगावर काटा येतो.

'स्वदेशी'च्या मुलांचा ठेका इतका पक्का का, याला एक कारण आहे. रॅपची बीट बहुतेक वेळा चारच्या हिशेबात चालते. शब्द कुठे दाबायचा, कुठे ओढायचा, कुठे श्वास चोरायचा, यालाच रॅपर 'फ्लो' म्हणतात. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी 'ता धोम' या प्रकल्पात त्यांना कोन्नकोल शिकवलं. मृदंगाचे बोल तोंडानं म्हणायची ही कर्नाटक संगीतातली पद्धत. पाच किंवा सात अक्षरांचे गट चारच्या ठेक्यावर आडवे टाकायचे आणि तरी बरोबर समेवर यायचं! 'गली बॉय'मधलं 'इंडिया 91' याच वाटेनं आलं. तोडफोड मार्च 2022 मध्ये गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. त्याची गुजराती कडवी ऐकली की किती मोठं काम अर्ध्यावर राहिलं ते कळतं.

मराठीत अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे 'हंड्रेड आरबीएच', चुकवू नका. वऱ्हाडकडचं बोलणं तो प्रमाण मराठीत घासूनपुसून घेत नाही, म्हणूनच त्याच्या ओळी इतक्या जोरात आदळतात. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, रॅप म्हणजे आपला पोवाडाच की! मला हे पटत नाही. शाहीर दुसऱ्याचा पराक्रम सांगतो, मागे झीलकरी सूर धरतात. रॅपर बहुधा स्वतःची कैफियत मांडतो आणि एकटा मांडतो. नातं जरूर आहे, पण पोवाड्याचं लेबल लावलं की नवं काय घडतंय ते ऐकूच येत नाही.

दक्षिणेकडे तमिळ रॅपर अरिवू. 2021 चं 'एन्जॉय एन्जामी' बहुतेकांनी ऐकलेलं असतं, त्यातली त्याची आजी श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेली आहे. पण खरा अरिवू भेटतो तो 2019 च्या 'तेरुकुरल' अल्बममध्ये आणि चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'मध्ये. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतलं गाना संगीत आणि रॅप तिथे एकाच मंचावर येतात, आणि जातीबद्दल आडपडदा न ठेवता बोललं जातं.

ओडिशातल्या कालाहांडीचा दुलेश्वर टांडी, 'दुले रॉकर', तर मुद्दाम शोधून ऐका. विज्ञानाचा पदवीधर, पण पोटासाठी परराज्यात मजुरी केलेला. 2020 च्या टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले तेव्हा त्यानं कोसली बोलीत थेट सरकारला जाब विचारला. व्हिडिओ साधा, बीट जुजबी, आवाजाला पॉलिश नाही. तरीही त्या काळाबद्दलचं इतकं खरं गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही. तो या मजुरांबद्दल गात नाही, त्यांच्यातूनच गातो.

शिलाँगला 'खासी ब्लड्झ' 2009 पासून इंग्रजी आणि खासीत रॅप करताहेत. त्यांच्यातल्या बिग री याच्यासोबतच्या 'डन टॉकिंग'साठी मेबा ऑफिलियाला 2018 मध्ये एमटीव्ही युरोपचा 'बेस्ट इंडिया अ‍ॅक्ट' पुरस्कार मिळाला. त्रिपुराचा बोरकुंग हरांगखॉल वंशभेदावर बोलतो. श्रीनगरच्या एमसी कॅशचं 'आय प्रोटेस्ट' 2010 चं, आणि त्याच शहरातल्या अहमरचा 'लिटल किड, बिग ड्रीम्स' 2019 चा. दोन्ही लागोपाठ ऐकले तर नऊ वर्षांत काश्मिरी रॅपचा आवाज कसा बदलला ते कळतं. आधी थेट घोषणा होती, मग घरातली, मनातली पडझड आली. अहमदाबादच्या धनजीचा 'रुआब' (2023) मजेसाठी ठेवा, फंकच्या चालीवर तो गुजराती बोलणं झकास खेळवतो.

भाषा येत नाही म्हणून अडू नका. पहिल्यांदा सबटायटल्सशिवाय ऐका, नुसता आघात कानात बसू द्या, मग अर्थाकडे वळा.

यात मुली कमी आहेत, हे खरं आणि वाईट आहे. म्हणून महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे, म्हणजे 'माही जी', हिचं नाव ठळक सांगते. तिचं 'जंगलचा राजा' आधी लावा. मग 'हीटवेव्ह' ऐका. उन्हात राबणाऱ्यांना सावली कोण देणार, हा त्याचा विषय आहे आणि तो मे महिन्यात आपल्या सगळ्यांच्या दारात असतो.